पहिल्या चुकीपाशी

त्या बुधवारी कर्वेनगरातल्या आमच्या इमारतीला पाणी आलं नाही, आणि आदल्या दिवशी पाणी न भरलेले एकटे तांबोळी निघाले. सूचना जिन्यात चार दिवस लावलेली होती. तिच्यात ‘पाणी’ची वेलांटी पहिली होती.

“पहिल्याच शब्दात चूक. पुढे कशाला वाचायचं?” माझ्याकडून बादली घेताना ते म्हणाले.

आम्ही शेजारी, आणि नोकरीही एकाच कार्यालयात. शहरात आणि भोवतालच्या गावांत किती जणांना हृदयविकार आहे, याचं संशोधन तिथे चालतं. त्यासाठी निरोगी-आजारी सगळ्यांचेच कार्डिओग्राम काढतात. तांबोळी त्या पट्ट्या भिंगाखाली धरतात, लाटांची उंची-रुंदी मोजतात आणि नियमावलीप्रमाणे प्रत्येक दोषाला आकडा देतात. ते डॉक्टर नाहीत. “डॉक्टरांना वाटतं, मला दिसतं,” हे ते डॉक्टरांसमोरच म्हणतात. मी नोंदी ठेवतो.

पट्टीतल्या पहिल्या ओळीतल्या लाटा उलट्या असल्या, तर बहुतेक वेळा दोन हातांच्या तारांची अदलाबदल झालेली असते. तांबोळी शेरा मारतात, ‘हात उलटे. पुन्हा काढा.’ खालच्या ओळी ते बघत नाहीत.

एका जुलैत मुळशीकडच्या हिराबाईंची पट्टी अशी परत गेली. दुसरीही गेली. पट्ट्या काढायला गावोगाव फिरणारी वैशाली वर आली.

“सर, लाल तार उजव्या हाताला, पिवळी डाव्या. मी स्वतः तपासून लावल्यात.”

“मग बाईंचेच हात उलटे असतील.”

तिसरी पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवून ती तिथेच उभी राहिली.

“सर, आता मी त्या घरी जाणार नाही. तीनदा मशीन लावलं म्हणजे दुखणं मोठंच, असं गावात झालंय. ऐन लावणीत बाईंना घरी बसवलंय. त्या धड जेवत नाहीत. लेकीला सासरहून बोलावून घेतलंय, शेवटची भेट म्हणून.”

तांबोळींनी भिंग उचललं. या वेळी ते शेवटच्या ओळीपर्यंत गेले. छातीवरच्या लाटा उजवीकडून डावीकडे जाताना वाढायला हव्यात. हातांच्या तारा चुकल्या तरी त्यात फरक पडत नाही. इथे त्या लहान होत गेल्या होत्या.

“बसा, वैशाली,” ते म्हणाले. त्यांनी कुणाला बसायला सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. “तारा बरोबर आहेत. हृदय उजवीकडे आहे.”

डॉक्टर त्याच दुपारी गावाला निघाले. न बोलावता तांबोळी जीपमध्ये बसले. मीही गेलो.

डॉक्टरांनी हिराबाईंच्या छातीला उजवीकडे नळी लावली. “इथे आहे. जन्मापासून. खात्रीसाठी छातीचा फोटो काढू, पण काळजीचं काही नाही. कामाला जा खुशाल.”

हिराबाईंनी वयाकडे बघून तांबोळींनाच मोठे डॉक्टर धरलं. “साहेब, तुमी खरं सांगा. किती दिस हायेत माजे?”

“दोष तुमच्यात नाही. मी अर्धीच पट्टी वाचली. पहिल्या दोन्ही वेळा.”

“म्हंजी तीनदा मशीन लावलं ते उगाच व्हय?”

“उगाच.”

“हिचं समदंच उलटं हाय,” नवरा म्हणाला. “मला लगनापासनं ठावं हाय.”

लेक हसली, शेजारणी हसल्या, डॉक्टरही हसले. हिराबाई हसल्या नाहीत. छातीवर उजवीकडे हात ठेवून त्या बसून राहिल्या.

कार्यालयात परतल्यावर तांबोळींनी दोन्ही शेरे खोडले आणि प्रत्येकाखाली लिहिलं, ‘चूक वाचणाऱ्याची.’ खाली सही केली.

त्या आठवड्यात वैशालीचं काम शेजारच्या गावात होतं. जाता जाता बांधावरून नजर टाकून या, असं त्यांनी तिला सांगितलं. ती गुरुवारी परत आली.

“लावणीला गेल्यात, सर. लेक अजून आहे, तीही सोबत होती.”

“हसत होत्या?”

“लांबून कळलं नाही.”

तांबोळींनी शनिवारची रजा मागितली. अर्ज माझ्याकडे आला. कारणाच्या रकान्यात ‘प्रत्यक्ष पाहणी’ असं लिहिलं होतं. शनिवारी सकाळी साडेनऊच्या बसने ते गेले.