काहीहीरावांची पेटी

"माझ्या पेटीत काहीही ठेवा!" असं ऑफिसात छाती फुगवून सांगितल्यापासून त्यांचं नाव काहीहीराव पडलं. पेटी म्हणजे त्यांनी लिहिलेला कोड. यंत्रं चालवणाऱ्या त्यांच्या प्रोग्रॅममधले आकडे, नावं, मोटरी, सगळं तिच्यात मावायचं. खरं सांगायचं तर ते नाव त्यांना आवडलंही होतं.

आज बायकोचा वाढदिवस. हॉटेलात टेबल राखलेलं. गेल्या वर्षी केक संपल्यावर उगवलेल्या काहीहीरावांनी यंदा वेळेवर पोहोचण्याची शपथ घेतली होती. निघता निघता त्यांच्या मनात आलं, पेटीतल्या वस्तू क्रमाने लावता आल्या तर? दोन ओळींचं तर काम!

पण कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर अडून बसला. यातलं लहान कोण, मोठं कोण, हे कसं कळणार? काहीहीरावांनी थेट पेटीलाच अट लावली: जिची तुलना करता येते तीच वस्तू आत येईल. मग पेटीला हात लावणाऱ्या प्रत्येक फंक्शनवर, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यावर, तीच अट लिहावी लागली. ती लिहून होते न होते तोच मोटरी सांभाळणारी सहकारी तावातावाने आली.

"अहो, माझ्या मोटरी पेटीत जाईनात! कंपायलर म्हणे, त्यांना तुलना शिकवा. डावी मोठी की उजवी?"

"वजनावर ठरवा."

"दोन्ही सारख्याच आहेत!"

"मग सारख्याच म्हणा."

"क्रम तुम्हाला लावायचाय ना? मग माझ्या मोटरींनी का परीक्षा द्यायची?"

काहीहीरावांनी डोक्याला हात लावला. पेटीवरची अट काढून त्यांनी ती फक्त क्रम लावणाऱ्या फंक्शनला लावली. कंपायलरने दाखवलेल्या सगळ्या चुका गायब झाल्या. घोळ स्वतःचाच असल्याने कौतुक करायला कोणी थांबलं नाही.

धापा टाकत ते हॉटेलात पोहोचले, तेव्हा बायकोचं जेवण उरकलं होतं.

"काय आणू?" वेटरने विचारलं.

"काहीही चालेल. फक्त तिखट नको. तेलकट नको. कांदा तर अजिबात नको."

"यांना नुसतं पाणी आणा," बायको म्हणाली.

"फार गार नको हं!"

वेटर गेल्यावर काहीहीरावांनी हळूच विचारलं, "रागावलीस?"

"स्वतःवर. लग्न करताना मी एकही अट घातली नव्हती. तुझा तो कंपायलर असता, तर तुला दारातच अडवलं असतं."

आणि तिने त्यांच्यासाठी राखून ठेवलेला केकचा तुकडा पुढे सरकवला. त्यात मनुका होत्या. काहीहीरावांना मनुका मुळीच चालत नाहीत. त्यांनी तो मुकाट्याने संपवला.