फिल्ममध्ये नसलेली पाटी

मंडळी, मोबाइलवर माझ्याइतके चांगले फोटो अख्ख्या पालघर जिल्ह्यात कोणी काढत नाही, असं माझं ठाम मत होतं. म्हणजे नवा मोबाइल घेतल्यापासून होतं! पाठीवर तीन डोळे आणि पोटात अशी करामत, की दांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा फोटो काढावा तर मागे सोनेरी आभाळ उगवावं! एकदा मी माझ्या बायकोचा, दिशाचा, फोटो काढला. फोनने परस्पर तिचे केस दाट केले, गाल वर उचलले आणि वय उतरवलं. तिने तो बराच वेळ पाहिला आणि थंडपणे विचारलं, "ही कोण?"

तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण हातात हातोडा आला की माणसाला दिसेल ती वस्तू खिळा वाटायला लागते. माझ्या हातात तर तीन कॅमेरे होते!

मी चुरी. बोईसरला विद्यापीठाच्या उपकेंद्रात अर्थशास्त्र शिकवतो. कंत्राटी. उपकेंद्र म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. खाली सळई कापायला घेतली की वर मागणी-पुरवठ्याचा सिद्धांत थांबतो. मुलं कुंभवलीहून येतात, एडवणहून येतात, डोंगराकडच्या पाड्यांवरून दोन-दोन गाड्या बदलून येतात. पुढच्या शिक्षणाला मुंबई गाठायची म्हटलं की निम्म्यांचं शिक्षण तिथेच संपतं, विशेषतः मुलींचं. अशात बातमी आली, विद्यापीठ आपल्या जिल्ह्यात मोठं संकुल बांधणार! प्रयोगशाळा, ग्रंथालय, मुलींचं वसतिगृह! एक जागा आमच्याकडे, मनोर रस्त्याला डोंगराच्या पायथ्याशी, आणि दुसरी जागा शेजारच्या तालुक्यात. दोन्हींतली एक निवडायला समिती येणार होती.

आमचे संचालक सावे सर. गृहस्थ भला, पण कायम पोटात कळ आल्यासारखा चेहरा. त्यांनी मला बोलावलं.

"चुरी, समोरच्यांनी फिल्म केलीय. त्यात धबधबा टाकलाय! आपल्याकडे काय आहे?"

"समुद्र आहे, सर."

"तो जागेपासून कुठल्या कुठे!"

"चिकू आहेत."

"चिकू बघून वसतिगृह मंजूर होतं का? निसर्ग पाहिजे, चुरी, निसर्ग! जागेला लागून!"

"सर, निसर्ग माझ्यावर सोडा," मी म्हणालो. हे वाक्य पुढे आयुष्यभर पुरेल, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

जागेला लागून होती एक बंद पडलेली दगडखाण. मालक दगड काढून केव्हाच निघून गेला होता आणि मागे उरलेला खड्डा पावसाने भरला होता. पाणी खरं तर शेवाळी, जुन्या ओल्या घोंगडीच्या रंगाचं. मी फोन धरला, बटण दाबलं आणि बघतो तर काय! निळंशार तळं! काश्मीरमधून कोणी खणून आणून बोईसरला बसवल्यासारखं!

एकच अडचण होती. काठावर बांबूला ठोकलेला पत्रा होता. त्यावर लाल रंगात, ओघळ आलेल्या अक्षरांत लिहिलं होतं, "पाणी खोल हाय. माणूस मेला हाय. उतरू नका."

आता तुम्हीच सांगा, विद्यापीठाच्या फिल्ममध्ये हे वाक्य शोभतं का? मी फोटोतल्या पाटीभोवती बोटाने गोल केला, 'पुसा' दाबलं. पाटी गेली! तिच्या जागी फोनने गवत उगवून दिलं, आणि माझी अपेक्षाही नसताना गवतात एक पिवळं फूल लावलं!

अशा फोटोंची माळ केली, मागे बासरी टाकली, नाव दिलं 'निळ्या तळ्याकाठी ज्ञानमंदिर'. सावे सरांनी फिल्म पाहिली आणि त्यांच्या पोटातली कळ पहिल्यांदाच थांबलेली मी पाहिली.

"चुरी, ही आपलीच जागा आहे ना?"

फिल्म समितीला गेली. सरांच्या मेव्हण्यालाही गेली. मेव्हण्याकडून कुठे कुठे गेली, ते मोबाइलच जाणे! पुढच्या रविवारी खाणीवर मोटारसायकलींची जत्रा भरली. बोईसरच्या कारखान्यांतली पोरं, विरारची कुटुंबं, एक नवरा-नवरी तर लग्नाआधीचे फोटो काढायला मेकअपवालीसकट! खाणीला लागून पुंजारामचं भाताचं शेत होतं. पीक ओंब्यांनी वाकलेलं, कापणीला आलेलं. त्यातून लोकांनी पायवाट पाडली. पुंजारामची बायको नवसी बांधावर उभी राहून ओरडत होती, "आरं, भात हाय त्यो! गवत नाय!" आणि लोक तिचाही फोटो काढत होते. 'निसर्गाच्या सान्निध्यातली शेतकरी स्त्री'!

समितीचा दिवस उजाडला. सावे सर आणि मी सकाळीच खाणीवर गेलो. सरांनी एकदा फोनमधली फिल्म पाहिली, एकदा काठाकडे पाहिलं, आणि कळ परत आली.

"चुरी! फिल्ममध्ये ही पाटी नाही!"

"पुसली, सर."

"पण इथे आहे! समितीला वाटेल, फिल्म खोटी आहे!"

"मग फिल्ममध्ये परत टाकू?"

"वेडे आहात का? फिल्म पोचलीय! आता जागा फिल्मसारखी करा!"

वाचकहो, दोन पदवीधर माणसांना हे बोलणं त्या क्षणी अगदी सरळ वाटलं. आम्ही दोघांनी बांबू हलवला, उपटला, पत्रा झुडपामागे टाकला. सावे सरांनी पायाने माती सारखी केली. तेवढ्यात नवसी आली. डोक्यावर भाताचे भारे बांधायच्या दोराचं वेटोळं.

"पाटी कं काढली?"

"दोन तासांसाठी, मावशी," मी गोड आवाजात म्हणालो. "मोठे साहेब येतायत. गेले की लावतो."

"पान्याला सांगलंव का, दोन तासच म्हनून?"

मला हसू आलं. वाटलं, बाई विनोद करतेय. ती हसली नाही.

"माझा भाऊस ऱ्हाय तिथं, देवू. बैल धुवाय उतरला, त्यो वर आलाच नाय. माझ्या नवऱ्यानं रंग आनून पाटी लिवली."

मी झुडपाकडे पाहिलं. सावे सरांनी घड्याळाकडे पाहिलं. त्याच वेळी रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला, आणि माझ्या आयुष्यातला पाटी परत लावण्याचा सर्वांत सोपा क्षण निघून गेला. मी लावायला वळलोही नाही, हे खरं सांगतो. मी केसांवरून हात फिरवला आणि हार घेऊन पुढे झालो!

समितीचे अध्यक्ष डॉ. गुर्जर, वजनदार माणूस, सर्वार्थाने. त्यांनी प्रयोगशाळेची जागा पाहिली नाही, रस्त्याचं विचारलं नाही, वसतिगृहाच्या पाण्याचं विचारलं नाही. गाडीतून उतरताच म्हणाले, "ते निळं तळं कुठाय?"

काठावर आल्यावर ते जरा थबकले.

"हिरवट दिसतंय हो?"

"ऊन, सर! उन्हाचा परिणाम!" मी म्हणालो. "फोनमधून बघा."

फोनमधून बघितल्यावर तळं निळं झालं. सगळ्या समितीने आपापले फोन काढले आणि तळ्याकडे पाहणं बंद केलं.

"फिल्मच्या सुरुवातीला जो कोन आहे ना, त्याच कोनात माझा एक घ्या," गुर्जर म्हणाले आणि तळ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी व्हिडिओ सुरू केला. ते चौकटीत मावेनात!

"सर, थोडं मागे."

ते सरकले.

"अजून जरासं. हां, एक पाऊल, बस!"

ते पाऊल त्यांनी टाकलं. पण तिथे जमीन नव्हती.

आवाज फार मोठा झाला नाही. मोठ्या माणसाच्या मानाने फारच लहान झाला. त्यांची टोपी वर आली. मग एक हात आला. मग काहीच नाही.

आणि आम्ही? मंडळी, काठावर आम्ही दहा-बारा शिकलेली माणसं होतो, आणि प्रत्येकाच्या दोन्ही हातांत फोन होता! कोणी ओरडत होतं, कोणी फिरवून आडवा धरत होतं. सावे सर किंचाळले, "रेकॉर्डिंग बंद करा! आधी रेकॉर्डिंग बंद करा!" कोणालाच पोहता येत नव्हतं. मला तर न्हाणीघरात बादलीचीही भीती!

नवसीने बोंब मारली. तशी बोंब मी कधी ऐकली नव्हती. त्यात एक जुनी बोंब मिसळलेली होती. पुंजाराम शेतातून विळा टाकून धावत आला आणि काही न विचारता उडी मारली. खाणीत पाण्याखाली दगडाचे टप्पे असतात. त्यातल्या एकावर तो आपटला. ते मी ऐकलं. वाळलेली काठी मोडावी तसं. तरी तो खाली गेला आणि डॉ. गुर्जरांची कॉलर एका हाताने धरून वर आला. दुसरा हात भलत्याच बाजूला वळलेला होता.

"दोर धरा!" नवसीने दोर फेकला आणि दुसरं टोक माझ्याकडे भिरकावलं. "सर! धरा ना!"

मी धरला. पण हातात फोन! खाली ठेवावा तर काठ उतरता! मी काय केलं असेल? फोन दातांत धरला, मंडळी, आणि ओढला दोर! नवसी ओढत होती, सावे सर माझी कंबर धरून ओढत होते, मी दात-ओठ खाण्याऐवजी मोबाइल खात होतो. दोघे काठाला लागले तेव्हा डॉ. गुर्जरांनी पोटातलं अर्धं तळं बाहेर काढलं. तेव्हा ते अजिबात निळं नव्हतं.

पुंजाराम बाजूला बसला. नवसी त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या पाठीवर धाडधाड मारायला लागली. मारता मारता रडायला लागली. "तू बी गेला असतास! तू बी गेला असतास!" आमच्यातल्या कोणी फोटो काढला नाही.

दोघांना दवाखान्यात नेलं. डॉ. गुर्जर संध्याकाळी चहा प्यायले. पुंजारामच्या हातात सळई घातली, वर कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. मी काळोख पडायच्या आत पाटी लावायला परत गेलो, तर ती लागलेली होती. नवसीने एकटीने बांबू पुरला होता. मी तिथे उगाचच थोडा वेळ उभा राहिलो.

माझा व्हिडिओही निघाला. सुरुवातीला डॉ. गुर्जर हसताना दिसतात, मग आभाळ दिसतं आणि मग बराच वेळ माझ्या दाढा. वरच्या डाव्या दाढेला कीड आहे, हे मला त्यातून कळलं.

समितीचा निर्णय यायला वेळ लागला नाही. संकुल शेजारच्या तालुक्यात. धबधबा, असं ऐकतो, तिकडेही फक्त फोनमध्येच वाहतो! आमच्याकडे परत सळईचा आवाज. तिसऱ्या बाकावरची एडवणची उन्नती, हुशार मुलगी, तिने मला विचारलं, "सर, वसतिगृह होनार होतं ना?" मी म्हणालो, "प्रक्रिया चालू आहे." तिने मान हलवली. तिला खोटं कळतं, हे मला तिच्या मान हलवण्यावरून कळलं.

सावे सरांनी मला लेखी विचारणा केली: "अध्यक्षांना एक पाऊल मागे जाण्यास आपण कोणत्या अधिकारात सांगितले?" पाटीचा उल्लेख त्यात नव्हता. मी उत्तर दिलं आणि त्यात पाटीचा उल्लेख केला. दोघांनी मिळून उपटली, असं लिहिलं. तेव्हापासून सर माझ्याशी चिठ्ठीनेच बोलतात.

पण खरी अडचण वेगळीच होती. भात उभं होतं! आभाळ भरून येत होतं, ओंब्या गळायला लागल्या होत्या आणि कापणारा माणूस प्लास्टरमध्ये. पाड्यावरची बाकीची माणसं कामाला बाहेरगावी गेलेली. मी रविवारी सकाळी दिशाला म्हणालो, "मी भात कापायला जातोय." तिने माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं त्या फोटोकडे पाहिलं होतं. पण अडवलं नाही. डबा दिला, आणि मोबाइल माझ्या खिशातून काढून कपाटात ठेवला.

नवसीला आश्चर्य वाटलं नाही. विळा दिला, कसं वाकायचं ते दाखवलं. पुंजाराम पळसाच्या सावलीत प्लास्टर मांडीवर घेऊन बसला होता. मी मनाशी म्हटलं, चुरी, आता मात्र बोलणं नको, काम! पहिली मूठ कापली. जमलं! दुसरी कापली. काय अवघड आहे यात? तिसरीला जरा जोर केला.

भात तसंच राहिलं. माझं बोट मात्र चांगलं कापलं गेलं!

"आईगं!" एवढीच माझी ललकारी.

नवसी आली. रक्त पाहिलं, लुगड्याची चिंधी फाडून बोटाला गच्च आवळली. माझ्या हातातून विळा काढून घेतला. मग मला दंडाला धरून पळसाखाली नेलं आणि नवऱ्याला म्हणाली, "सरक जरा तिकडं. तुला जोडीदार आनलाय."

पुंजाराम सरकला.