न पाहिलेला उत्तरार्ध

सोमवारी सकाळी प्रूफकाका कचेरीत आले, तेव्हा संपादकबाईंच्या खोलीत थिएटरचा मॅनेजर बसला होता. त्याच्यापुढचा चहा निवून गेला होता आणि टेबलावर शनिवारचा अंक उघडा पडला होता.

"काका, बसा," बाई म्हणाल्या. "हे तुम्हीच लिहिलंय ना?"

प्रश्नच चमत्कारिक होता. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावरचं 'नवे सिनेमे : चार ओळी' हे सदर एकवीस वर्षं काकाच लिहीत होते. आठवडाभर ते दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायचे; या चार ओळी तेवढ्या त्यांच्या स्वतःच्या. या खेपेला त्या अशा होत्या : 'पूर्वार्ध बरा. मध्यंतरानंतर कथा पाय ओढत चालते. शेवट ओळखीचा. छायाचित्रण सुरेख; वेळ असल्यास पाहावा.'

"मीच लिहिलंय. ऱ्हस्वदीर्घाचं काही चुकलं का?"

"ते नाही चुकलं," मॅनेजर म्हणाला. "पण शुक्रवारी पहिल्याच खेळाला मध्यंतरात आमचा प्रोजेक्टर बंद पडला. अजून बंदच आहे. गावात उत्तरार्ध कुणीच पाहिलेला नाही. मीसुद्धा नाही."

काकांनी चष्मा काढून पुसला. "मी बाहेरगावी पाहिला," ते म्हणाले.

"शुक्रवारी तुम्ही संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर बसून प्रुफं वाचत होता, काका," बाई हळूच म्हणाल्या. त्यांना काकांना अडकवायचं नव्हतं, पण खरं ते बोलून जायची त्यांना खोड होती.

"मग गुरुवारी असेल."

"गुरुवारी तो कुठेच लागला नव्हता," मॅनेजर म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खोल गेला. "वितरकाला तुमच्या ओळी कुणीतरी वाचून दाखवल्यात. तो म्हणतो, सिनेमाची चोरटी कॉपी तुमच्याच गावातून फुटली. कुणाकडे आहे ते कळलं नाही, तर पुढचा सिनेमा पाठवणार नाही. थिएटरला कुलूप लागेल. सात माणसं आहोत आम्ही तिथे. कुणी दाखवला, तेवढं सांगा."

"जावयाकडे," काकांच्या तोंडून निघून गेलं.

जावयाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. काकांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. घाईत माणसाला जवळचंच कुणीतरी आठवतं, एवढंच. पण मॅनेजरने ते वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी मुलगी आली. चपला तिने दारातच काढल्या, पण बसली नाही.

"बाबा, दुपारी वितरकाचा माणूस दुकानात आला होता. ह्यांचे सगळे कॉम्प्युटर उघडून बघितले, गिऱ्हाइकांसमोर. कुणी पाठवलं विचारलं, तर तुमचं नाव."

"काय म्हणाले जावई?"

"काहीच नाही म्हणाले. तेच मला सहन होत नाहीये. बाबा, कुठे पाहिलात तुम्ही तो सिनेमा?"

काका खिडकीकडे वळले. "पाहिलाच नाही. चौदा महिने झाले, मी एकही सिनेमा पाहिलेला नाही."

आई जाऊनही चौदाच महिने झाले होते. मुलगी खुर्चीच्या कडेवर टेकली.

"मग दर आठवड्याला लिहिता काय?"

"पोस्टर बघतो. सिनेमा किती लांबीचा आहे ते बघतो. आणि तुझी आई काय म्हणाली असती, ते लिहितो. आधी तरी मी वेगळं काय करत होतो? थिएटरातून निघालो की ती बोलायला लागायची. घर येईपर्यंत सिनेमाची पार सालं काढलेली असायची. मी नुसतं ते लिहून काढायचो. माझं फक्त शुद्धलेखन."

मुलीने उठून आत जाऊन चहा केला. दोघांनी तो प्यायला. मग ती म्हणाली, "उद्या हे असंच्या असं त्यांना सांगायचं. मी येते बरोबर."

मंगळवारी वितरकाच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. तो वाळका, पोटदुखी असल्यासारखा चेहरा असलेला माणूस होता.

"चौदा महिने न पाहता लिहिलंत, आणि एकाही वाचकाची तक्रार नाही?"

"तक्रार नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांची खोड पुन्हा आड आली. "उलट दोन पत्रं आलीत. सदर अलीकडे जास्त नेमकं झालंय म्हणून."

वितरकाच्या माणसाने सुस्कारा सोडला. "प्रोजेक्टर दुपारी सुरू होतोय. आपण सगळे मिळून उत्तरार्ध बघू. यांचं लिहिलेलं चुकलं, तर हे खरं बोलतायत. बरोबर निघालं, तर सिनेमा यांनी पाहिलेला आहे, आणि जावयाचं दुकान मी सोडत नाही."

दुपारी थिएटरच्या मधल्या रांगेत सहा माणसं ओळीने बसली : वितरकाचा माणूस, मॅनेजर, बाई, काका, मुलगी आणि दुकान अर्ध्यावर बंद करून आलेला जावई. हा सिनेमा चांगला निघावा असं इतक्या कळकळीने त्याच्या निर्मात्यालाही कधी वाटलं नसेल.

पडद्यावर नायक एका तळघरात शिरला आणि तिथेच राहिला. वीज गेलेली होती. तो भिंती चाचपत भावाला हाका मारत होता, आणि भाऊ दुसऱ्या भिंती चाचपत त्याला.

"आता वेग घेईल बघा," जावई पंचवीस मिनिटांनी कुजबुजला.

"बाबा, हे जरा वेगळं वाटतंय ना?" मुलीने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. त्यांना खोटं बोलायचा आता कंटाळा आला होता.

शेवट तर इतका ओळखीचा होता की मॅनेजरने हात वर केला आणि केबिनमधल्या माणसाने दोन मिनिटं आधीच दिवे लावले. भाऊ एकमेकांना भेटले ते उजेडातच. मुलीने नवऱ्याचा हात धरला.

वितरकाच्या माणसाने अंकाची घडी उलगडली आणि बोट ठेवून वाचायला लागला. "पाय ओढत चालते. बरोबर. शेवट ओळखीचा. बरोबर." मग त्याचं बोट थांबलं. "छायाचित्रण सुरेख." त्याने मान वर केली. "मध्यंतरानंतर कुणाला काही दिसलं का?"

"मला फक्त एक खांदा दिसला," बाई म्हणाल्या.

"पोस्टरवर डोंगर होते," काका खाली मान घालून म्हणाले. "छान काढले होते."

"हे सव्वा तासाचं तळघर बघितलेला माणूस असं लिहिणार नाही," वितरकाचा माणूस उठत म्हणाला. "यांनी सिनेमा पाहिलेला नाही. तसं लिहून देतो मी."

मॅनेजरने काकांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. जावयाने पाठीवर हात ठेवला. काका पुरते खोटारडे ठरले होते आणि सगळे त्यांचं अभिनंदन करत होते.

सदर अर्थातच बंद झालं. पुढच्या अंकात बाईंनी दोन ओळींची दिलगिरी छापली. तिचं प्रूफ तपासायला काकांकडेच आलं. त्यांनी त्यात एक सुटलेला अनुस्वार दिला आणि परत पाठवलं. सदर का थांबलं, म्हणून एकाही वाचकाने विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी काकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नव्या सिनेमाचं एक तिकीट काढलं. बाजूच्या खुर्चीवर त्यांनी छत्री ठेवली. सिनेमा वाईट होता. मध्यंतरात दिवे लागले तसे ते छत्री घेऊन उठले. बायको होती तेव्हा चार ओळींसाठी कसाही सिनेमा शेवटपर्यंत सोसावा लागायचा. आता ती सक्ती उरली नव्हती.

मॅनेजरने त्यांना दारात गाठलं. "काका, कसा आहे?"

"अर्धाच पाहिलाय," काका म्हणाले, "त्यामुळे काही सांगता येणार नाही." आणि ते उन्हात बाहेर पडले.