दाखल्याची मागची बाजू

"माझ्या बांधणीतलं पान सुटलं, तर मिशी उतरवीन!"

बाइंडरकाका आयुष्यात एवढी एकच फुशारकी मारत. एरवी माणूस इतका भिडस्त, की दुकानदाराने सडके टोमॅटो दिले तरी 'आभारी आहे' म्हणून घरी यायचे. वाचनालयात पस्तीस वर्षं पुस्तकं बांधून ते निवृत्त झाले. मग हात शिवशिवायला लागले, म्हणून त्यांनी कपाटातली कागदपत्रं बांधून टाकली. जन्मदाखले, घराचे कागद, लेकीची प्रगतिपुस्तकं, लग्नाचा दाखला, सगळं दोऱ्याने शिवून, सरस लावून, कापडी पुठ्ठ्यात! पाठीवर सोनेरी अक्षरं: 'कौटुंबिक कागदपत्रे, खंड पहिला'. वजन सव्वादोन किलो. काकू त्याला 'उशी' म्हणत आणि चुकूनही उघडत नसत.

आता परदेशातल्या लेकीचे दिवस भरत आले होते. दोघांना सहा महिने तिच्याकडे राहायचं, तर तिथल्या सरकारला लग्नाचा दाखला हवा होता, आणि तो खरा आहे असा इथल्या सरकारचा शिक्का. कागद शुक्रवारपर्यंत गेले नाहीत, तर जाणं लांबणार होतं. बाळ काही लांबणार नव्हतं.

"दाखला घेतलाय ना?" काकूंनी बसमध्ये विचारलं.

"घेतलाय म्हणजे काय! भूकंप झाला तरी हरवायचा नाही," मांडीवरचा खंड थोपटत काका म्हणाले.

कचेरीत तासभर रांगेत उभं राहून खिडकी आली, तर काचेखालच्या फटीतून खंड आत जाईना! उभा घालून पाहिला, आडवा घालून पाहिला. शेवटी कारकूनच दार उघडून बाहेर आले.

"काय आहे हे?"

"लग्नाचा दाखला," काका पुटपुटले.

"एवढा? किती लग्नं केलीत?"

"पान दोनशे बारा," काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"सुटा कागद लागतो, काका. फाडा."

कुणी भर बाजारात थोबाडीत मारावी तसे काका मागे सरकले. "ते... फाटत नाही."

"कागद आहे की पत्रा?" कारकुनांनी ओढून पाहिलं. मग शिपायाला हाक मारली. शिपायाने पुठ्ठे गुडघ्यांत धरले आणि दोघांनी मिळून दाढ उपटावी तसा जोर लावला. पान जागचं हललं नाही. शिपायाच्या शर्टाचं बटण मात्र उडून थेट सूचनाफलकावर आपटलं!

काकांचा चेहरा उजळला.

"अहो, हसताय काय?" काकू खेकसल्या. "एक वाजता खिडकी बंद होते! कापा ते!"

काकांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं धंद्याचं पातं काढलं आणि श्वास रोखून पान अलगद कापलं.

"मिशीचं काय आता?" काकूंनी विचारलं.

"सुटलं नाही. कापलं," काका हळूच म्हणाले.

कारकुनांनी नावं पाहिली, तारीख पाहिली. "ठीक. शिक्का मागे बसतो," म्हणून त्यांनी दाखला उलटा केला आणि ते थबकले. तेव्हा काकांना आठवलं. दाखल्याचा कागद पातळ होता, म्हणून बळकटीसाठी त्यांनी मागून एक कागद चिकटवला होता. त्याच मापाचा. त्याच सालचा.

काचेपलीकडे ऐकू जावं म्हणून आयुष्यभर ओरडून बोललेल्या कारकुनांनी त्याच आवाजात वाचायला सुरुवात केली: "'मी माहेरी चालले आहे. तुमचं खरं लग्न त्या पुस्तकांशीच झालं आहे. त्यांच्याच हातचं जेवा!'"

रांगेतल्या सगळ्या माना एकदम पुढे आल्या.

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात काकूंनी ही चिठ्ठी टेबलावर ठेवून घर सोडलं होतं आणि संध्याकाळी परत आल्या होत्या. काका खुर्चीत वाचत बसलेले, चिठ्ठी गायब! काकांना काही कळलंच नाही, असं समजून त्याही गप्प राहिल्या होत्या.

"म्हणजे तुम्ही ती वाचली होती? मला वाटलं वाऱ्याने उडाली! चाळीस वर्षं वाटतंय!"

"वाचली होती."

"मग न्यायला का नाही आलात? चार तास बसथांब्यावर बसले होते मी, वाट बघत!"

"निघालो होतो गं. चपलासुद्धा घातल्या होत्या."

"मग?"

"प्रकरणाची चारच पानं उरली होती..."

"सगळे मेले सारखेच!" रांगेतल्या एक बाई म्हणाल्या.

"मग टाकून का नाही दिलीत?" काकूंचा आवाज चढला.

"तू मला लिहिलेलं पहिलंच काहीतरी होतं ते," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "टाकवेना."

काकूंनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

एव्हाना आतल्या अधिकारी मॅडम बाहेर आल्या होत्या. त्यांनी कागदाची कड नखाने उचकटून पाहिली. "हे सुटं होईल?"

"छे!" काका म्हणाले, आणि एवढ्या संकटातही त्यांना छाती फुगवल्याशिवाय राहवलं नाही.

"मग नवी प्रत काढा. तीन महिने लागतील."

"आणि तोवर बाळाला काय, थांब म्हणून सांगू?" काकू म्हणाल्या.

मॅडमनी पुन्हा चिठ्ठी वाचली. ओठ दाबून वाचली. "शिक्का मागच्या बाजूला, असा नियम आहे. मागची बाजू कोरी हवी, असं कुठे लिहिलेलं नाही. पण बाई, खाली सही तुमची आहे. तुमची हरकत असेल तर..."

"हरकत कसली? मारा! चांगला दाबून मारा!"

धप्प! काकूंच्या सहीखाली जांभळी अक्षरं उमटली: 'वरील मजकूर खरा असल्याचे प्रमाणित करण्यात येते.' खाली मॅडमची सही, क्रमांक, तारीख.

कागद शुक्रवारी पोचले, तिकडच्या सरकारनेही मान डोलावली. निघायच्या आदल्या दुपारी काका बॅगेपाशी घुटमळत होते.

"अगं, एखादं पुस्तक घेऊ का? अगदी बारीकसं?"

काकूंनी घड्या घालता घालता मानही वर केली नाही. "मला काय विचारता? सरकारी शिक्क्याचं लग्न आहे तुमचं, मी कोण आड येणार! फक्त विमानात माझ्या त्या सवतीला खिडकीजवळ बसवू नका. तिथे मी बसणार आहे."