होडी पुसणारी लेन्स

लेन्समधलं जितेशला जेवढं कळतं तेवढं अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये कुणाला कळत नाही. हे मत त्याचं स्वतःचंच. पण तो ते इतक्या ठामपणे सांगायचा, की ऐकणारा निमूट मान डोलवायचा.

या वेळी तर प्रश्न लग्नाचा होता. जवळच्या मुर्धा गावचे आत्मारामकाका, म्हणजे जिच्याशी त्याला लग्न करायचं होतं त्या दिशाचे वडील, यांनी निरोप धाडला होता: नवी होडी पाण्यात उतरवतोय, घरच्यांसोबत तिचा झकास फोटो काढ, मग तुमचं दोघांचं बघू.

जितेशने भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतल्या आपल्या घरी तीन लेन्स भाड्याने आणल्या. पस्तीस, पन्नास आणि पंच्याऐंशी मिलिमीटरच्या. तिन्ही झूम न होणाऱ्या, म्हणजे मागेपुढे आपणच चालायचं! आईला गॅलरीत बसवून आठ दिवस परीक्षा चालली. पस्तीसमध्ये आईचं नाक मोठं आलं. पन्नासमध्ये नाक जागेवर आलं, पण साडीचा मोरपंखी रंग उतरला. पंच्याऐंशीने मात्र कमाल केली! पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा, साडी कालच घेतल्यासारखी, आणि समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले लेंगे-बनियन विरघळून त्यांचे मऊ ढग झालेले. फोटो छान आहे, पण मी नक्की बसलेय कुठे, असं आईने विचारलं. जितेशने तिकडे साफ दुर्लक्ष केलं.

मुर्ध्याला खाडीकाठी होडी झेंडूच्या माळा घालून नटली होती. पुढच्या टोकावर ताज्या रंगात काकांच्या दिवंगत आईचं नाव होतं, ‘शेवंती’. भरती चढत होती. पाणी पुरेसं आलं की होडी निघणार, माळा वाहून जाणार. काका होडीवर हात ठेवून उभे राहिले. जितेशने त्यांना आणि बाकीच्या चौघांना दहा पावलं पुढे ओढलं. काका हळूच मागे सरकायचे, हा पुन्हा पुढे आणायचा. मागचं काही मध्येमध्ये नको, एवढंच त्याचं म्हणणं!

चौथ्या दिवशी फोटो फ्रेम करून तो ऐटीत मुर्ध्याला गेला. काकांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

“होडी कुठं हाय?”

“ती काय, मागे.” काकांच्या खांद्यामागे एक लाल-हिरवा ढग होता. “याला ब्लर म्हणतात काका. लोक यासाठी खास मागे लागतात.”

“आन् माझ्या आयचं नाव?”

जितेशने फ्रेम उजेडाकडे तिरकी धरून पाहिली.

“क्यामेरा न्हाय ह्यो, खोडरबर हाय. माझी आय पुसलीस तू.”

होडी समुद्रात, माळा कुठल्या कुठे, आणि लग्नही त्या ढगातच गेलेलं. तेवढ्यात काकांची बहीण हंसाआत्या आतून आली आणि तिने काच तडकलेला आपला मोबाईल पुढे केला. त्या दिवशी तिनेही जितेशच्या मागून एक फोटो काढला होता. त्यात सगळं होतं: होडी, माळा, ‘शेवंती’, पाचही माणसं. आणि सगळ्यांच्या पुढ्यात, कॅमेऱ्यात डोकं खुपसून वाकलेला जितेश, पाठमोरा! शार्पनेस असा, की त्याच्या पँटची उसवलेली शिवण टाक्याटाक्याने मोजता यावी.

काका आधी ‘शेवंती’वरून बोट फिरवत राहिले. मग इतके हसले, की दिशाला पाणी आणावं लागलं.

तोच फोटो मोठा करून त्यांनी बाहेरच्या खोलीत लावलाय. जितेश त्याच्याकडे पाठ करून बसतो. पण येणारा प्रत्येक पाहुणा विचारतोच, पुढे वाकलेला हा कोण?

“आमचा जावय,” काका सांगतात. “समोरनं बरा हाय.”