कदमताईंची फुगडी

कदमताई एखादीचा हात हातात घेतात तेव्हा समजावं, की त्यांना आपली ख्यालीखुशाली नको आहे, आपली मनगटं हवी आहेत. "गुडघे बरे हायेत ना तुझे? मग चल, घालू एक फुगडी!"

आमचं सरकारी ऑफिस नाशिक रोडला. ताई रोज सिन्नरहून बसने येतात. पन्नाशी उलटली आणि बीपी वाढलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कार्डिओ करा. आवडेल तो करा, पण रोज करा." ताईंनी सगळं करून पाहिलं. पहाटे चालायला जावं तर बस चुकते. झुंबाच्या क्लासला गेल्या तर तिथली मुलगी इंग्रजीत ओरडते. घरात दोरीवरच्या उड्या मारल्या तर खालचे भाडेकरू वर येतात. शेवटी फुगडी सुचली. "दोन मिनिटं गरगर फिरलं की लय घाम. मशीन नको, बूट नको. नुसतं एक माणूस पाहिजे."

ते एक माणूस हेच आमच्या ऑफिसचं दुखणं झालं. जेवणाच्या सुट्टीत, रेकॉर्ड रूममध्ये, लोखंडी कपाटांमधल्या चिंचोळ्या जागेत हा कार्यक्रम चाले. देशपांडेबाईंचा चष्मा उडाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना मानेचा पट्टा लागला. शिंदे मॅडम डबा खायला खालच्या मजल्यावर जाऊ लागल्या. एकदा तर तपासणीला आलेल्या मोठ्या मॅडमना ताई म्हणाल्या, "पायाला पाय लावा आन मागं झुका. भ्यायचं नाय, मी धरलंय." तपासणी त्या दिवशी लवकर आटोपली.

राहता राहिले मी. कुणाला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना आजार. दोनदा बांगड्या वाढल्या. दुपारभर फायलीतले आकडे फिरताना दिसायचे. जीव नकोसा झाला होता.

आणि माझी घोटीला बदली झाली. ताईंचं तोंड उतरलं. शेवटचा आठवडाभर त्यांनी नव्या मुलीला गळ घालून पाहिली. तिने मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळ दाखवलं. "काकू, माझं सकाळीच झालंय."

शेवटच्या दिवशी मी शहाणपण शिकवायला गेले. "ताई, जिना चढा-उतरा. एकटीला करता येतं."

"एकटीनं तर सगळंच करते गं," ताई म्हणाल्या. "आमचे हे गेल्यापासून गौरींना मला कोणी खेळायला बोलवत नाय. गल्लीत फुगड्या सुरू झाल्या की मी दार लावून घेते. अगं, माहेरी माझ्यापुढं एक पोरगी टिकत नव्हती! डॉक्टर कार्डिओ म्हणाले, तवा म्हटलं, औषध म्हणून तरी कोणी हात देईल."

 माझ्या तोंडातून निघून गेलं, "यंदा आमच्याकडे या गौरींना."

ताईंचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुझ्या सासूबाईंना चालंल?"

 सासूबाईंना चालणार नव्हतं, ते मला माहीत होतं आणि ताईंनाही.

"जाऊ दे. चल," म्हणत त्यांनी हात पुढे केले. आम्ही कपाटांच्या मधे फिरू लागलो. फिरता फिरता मला घेरी यायला लागली. "ताई, पुरे! पुरे!" मी ओरडत होते.

ताई हात सोडेनात.