दमणचं मीठ

काळुरामच्या दारात त्याच्या पोरीचं, शालूचं लग्न लागलं, शेवटची पंगत बसली, आता एकच काम उरलं होतं. विहीणबाई नव्या सुनेची दृष्ट काढणार आणि मग वऱ्हाड निघणार. विहीणबाई, म्हणजे हौसाबाई, दमणच्या हद्दीतल्या. चुलीपाशी येऊन त्यांनी कमरेची पुरचुंडी सोडली आणि काळुराम पुढे धावला. आत मीठ होतं.

"विहीणबाई, हे कुठलं?"

"आमच्या घरचं. सुनेची दृष्ट सासरच्याच मिठानं काढायची, आमची रीत हाय."

रीत चांगलीच होती. पण दमणला पोर्तुगीज फिरंग्याचं राज्य आणि इकडे डोंबिवलीला इंग्रजांच्या राणीचं. तिकडे मिठाला कुणी विचारत नव्हतं, इकडे कर न भरलेलं मूठभर मीठ सापडलं तरी धरून नेत. काळुराम जन्मभर खाडीवर मीठ पिकवत आला होता आणि घरचं मीठ मुकाट्याने वाण्याकडून आणत होता. त्यात आज पंगतीला मिठावरचा शिपाई विठ्ठल बसला होता. त्याला आग्रहाने बोलावलं होतं काळुरामनेच.

"झाका ते! शिपाई बगल!"

"अगं बाई! तुमच्या राज्यात दृष्ट काढायला बी सरकारला विचारायचं?"

"अरे, डाळ आणता का नाय?" म्हणत विठ्ठलच दारात उभा राहिला. काळुरामने पुरचुंडी हिसकावली आणि समोर दिसलं त्या पातेल्यात रिकामी केली. पातेलं डाळीचं होतं. वाढप्याने ते तसंच उचलून नेलं, मागोमाग विठ्ठलही गेला.

"माझ्या सुनेची दृष्ट डाळीत घातली!" हौसाबाई कडाडल्या. "आता ही पोर माझा उंबरा ओलांडायची नाय."

काळुरामची बायको तुळसा धावत वाण्याचं मीठ घेऊन आली. हौसाबाईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. "सरकारचा हात लागलेलं मीठ दृष्टीला चालत नाय." शालूने भोकाड पसरलं.

तेवढ्यात विठ्ठल लालबुंद होऊन परत आला. "काळुराम, डाळीत मीठ कुणी ओतलं?"

हौसाबाईंनी दुसरी पुरचुंडी काढून शिपायाच्या नाकासमोर धरली. "हे बगा! दमणचं हाय. मुलाच्या दृष्टीला आणलंय. सुनेचं ह्यांनी डाळीत ओतलं. धरा मला!"

विठ्ठलने एक खडा उचलून जिभेवर ठेवला. काळुरामने डोळे मिटले. पोरगी सासरी आणि बाप तुरुंगात, एकाच दिवशी.

"यातलंच निम्मं सुनेला वापरा," विठ्ठल म्हणाला. मग मागे कुणी नाही ना ते बघून त्याने आवाज उतरवला. "विहीणबाई, सुनेला घेऊन मांडवपरतणीला परत येणार ना? माझ्या पण पोरीची दृष्ट काढायचीय. भारी दृष्ट हाय हो, पायलीभर तरी मीठ लागेल."